दोन रुपयांचे निर्माते
(कै. श्याम बेनेगल यांच्या निधनानिमित्ताने)

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

२३ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंबईत श्याम बेनेगल गेले. नऊच दिवस आधी त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली होती. आम्हां मुलींना ही बातमी वसतिगृहात जेवणाच्या ताटावर कळली. खोलीत आल्यावर मी त्यांचे एक छायाचित्र मोबाइलच्या स्टेटसला लावले आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले. पाच मिनिटांत गावाकडच्या चुलतभावाचा निरोप आला : “हे साहेब कोणत्या पक्षाचे?”

प्रथम मला हसू आले. नंतर वाटले, यात त्याचे काय चुकले? आमच्या भागात चौकाचौकात जेवढे फोटो लागतात ते सारे पुढाऱ्यांचे. वाढदिवस त्यांचा, निवड त्यांची, अभिनंदन त्यांचे आणि श्रद्धांजलीही त्यांनाच. एखाद्या माणसाने चित्रपट काढले एवढ्यासाठी त्याचा फोटो लावावा, हे आमच्या डोळ्यांना ठाऊकच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तो स्टेटस मोबाइलच्या नियमाप्रमाणे आपोआप पुसला गेला. चोवीस तासांची श्रद्धांजली संपली! मग माझ्या मनाने मला विचारले, तू त्या माणसाची चाहती म्हणवतेस, तर तुझे त्याच्याशी नाते एवढेच होते काय? त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्राध्यापक मंडळींना कदाचित गंमत वाटेल. बेनेगलांचा पहिला मोठा चित्रपट ‘अंकुर’ १९७४ साली आला, त्या वेळी माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. ते मराठी नव्हते. त्यांचा एकही चित्रपट मी चित्रपटगृहात बसून पाहिलेला नाही. खरे सांगायचे तर चित्रपटगृहात पाहिलेले माझे सारे चित्रपट एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. माझी आजी जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून सिनेमा पाहायची. मी हाताएवढ्या मोबाइलच्या काचेवर पाहते. तंबूही गेला आणि थिएटरही आमच्यापर्यंत नीट पोहोचले नाही. अशा मुलीने बेनेगल गेल्याचे दुःख करावे, याला कारण आहे. ते कारण माझ्या घरातले आहे.

माझे आईवडील ऊस तोडतात. बीड जिल्ह्यात हे सांगितल्यावर आणखी काही सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात आणि पाडव्याच्या मागेपुढे पुन्हा भरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग फडात तोडून, मोळ्या वाहून ती फेडायची. लहानपणी दोन हंगाम मीही फडावर गेले होते. पाचटाच्या कोपीत झोपले आहे. पुढे आजीने हट्टाने मला गावी ठेवून घेतले, म्हणून शाळा झाली, आणि आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिली ठरले.

प्रथम वर्षाला असताना अर्थशास्त्राच्या तासाला ‘सहकार’ हा विषय चालू होता. आम्ही व्याख्या पाठ करीत होतो. एके दिवशी सरांनी वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि भिंतीवर ‘मंथन’ दाखवला. गुजरातमधील एका खेड्यात दूध सोसायटी काढायला डॉ. राव नावाचा जनावरांचा डॉक्टर येतो. गावच्या दुधावर मिश्रा नावाच्या खाजगी डेअरीवाल्याची पकड असते. तो देईल तो भाव. सोसायटी निघू लागते तसे गावातले सारे वाद वर येतात : कोण कोणाच्या रांगेत उभे राहणार, कोण सभासद, कोण अध्यक्ष. दलित वस्तीतला माणूस निवडणूक जिंकतो तेव्हा सरपंचाला ते सोसत नाही. स्मिता पाटील यांची बिंदू त्यात आहे. शेवटी एका कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. कागदावर काय लिहिले आहे हे तिला ठाऊक नसते. तो डॉक्टरविरुद्धचा खोटा आरोप असतो.

तो अंगठा मी भिंतीवर पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. तसा अंगठा मी दर दसऱ्याला आमच्या ओसरीत पाहिला होता. तो माझ्या आईचा होता.

उन्हाळ्यात आई गावी आल्यावर मी तिला ‘मंथन’ मोबाइलवर दाखवला. तिला हिंदी अर्धीमुर्धी कळते. मधून मधून ती उठून चुलीकडे जाई, पुन्हा येई. “काय बघायलीस ग एवढं?” म्हणून आजीही येऊन टेकली. अंगठ्याचा प्रसंग आला तेव्हा मात्र आई उठली नाही. चित्रपट संपल्यावर मी विचारले, कसा वाटला? तिने बिंदूबद्दल एकच वाक्य सांगितले : “कुणीतरी तिला कागद वाचून दाखवायला पायजे व्हता.”

मित्रमैत्रिणींनो, मी या चित्रपटावरचे लेख नंतर पुष्कळ वाचले. विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे छायाचित्रण, वनराज भाटियांचे संगीत, सगळ्यांची स्तुती वाचली आणि ती योग्यच आहे. पण माझ्या आईच्या त्या वाक्याएवढे खरे परीक्षण मला कोठे आढळले नाही. त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दसऱ्याला, उचल घेताना मी सुट्टी काढून घरी गेले आणि मुकादमाचा कागद सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. त्यात मागच्या हंगामाची बाकी म्हणून एक आकडा होता. तो कसा आला हे कोणी सांगू शकले नाही. “पोरगी शिकली म्हणायची!” असे म्हणून मुकादम हसले आणि हिशेब नंतर बघू म्हणाले. पैशाची गरज होती. अंगठा उठलाच. पण वाचल्यावर उठला. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडले. याचे श्रेय मी एका चित्रपटाला देते, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

आता ‘मंथन’ कसा तयार झाला तेही सांगते, कारण माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. चित्रपट काढायचा तर एखादा शेठ लागतो. ‘मंथन’ला शेठ नव्हता. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून १९७६ साली हा चित्रपट उभा राहिला. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या कार्याची प्रेरणा त्यामागे होती. चित्रपट लागला तेव्हा हेच शेतकरी गावोगावाहून ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला आले. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. २०२४ च्या मे महिन्यात त्याची नवी, दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये देशातील काही शहरांत तो पुन्हा प्रदर्शित झाला. म्हणजे दोन रुपये देणाऱ्या गवळणीचे चित्र अठ्ठेचाळीस वर्षांनी कानला पोहोचले. केजला मात्र ते आमच्या सरांच्या लॅपटॉपमधून आले!

‘सहकार’ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले आणि लगेच एक शंकाही आली. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथून महाराष्ट्रात या कारखान्यांचे जाळे पसरले, हे आम्ही परीक्षेत लिहितो. पण त्या सहकारात ऊस लावणारा सभासद असतो. ऊस तोडणारा नसतो. ‘मंथन’मध्ये जो भांडणाचा मुद्दा आहे, सभासद कोण, तोच मुद्दा आमच्या घरच्या कोयत्यालाही लागू आहे. मी हा प्रश्न वर्गात विचारला. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हा प्रश्न पुस्तकात नाही.” चांगला चित्रपट पुस्तकात नसलेला प्रश्न विचारायला लावतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

बेनेगल आम्हांला परके वाटू नयेत याला दुसरेही कारण आहे. त्यांचा जन्म आणि शिक्षण हैदराबादचे. आमचा बीड जिल्हाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. म्हणजे बेनेगल शाळेत होते तेव्हा माझे पणजोबा आणि ते एकाच राजाची प्रजा होते. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ तेलंगणातील खेड्यांत घडतात. पण तेथील वाडा, तेथील देशमुखी, तेथील भीती आमच्या वाडवडिलांच्या सांगण्यातली आहे. भाषासुद्धा पाहा. ‘अंकुर’मधली माणसे दखनी बोलतात. ती ‘नक्को’, ती ‘हौ’ आम्ही केजच्या बाजारात रोज ऐकतो. मुंबईच्या चित्रपटांत खेडुताच्या तोंडी जी कोठलीच नसलेली बोली असते, तिच्यात आणि हिच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या खोलीतील एका मुस्लिम मैत्रिणीने ‘अंकुर’ पाहताना दोन मिनिटांत विचारले, “ये लोगां हमारेच वहां के हैं क्या?” नटनट्यांनी आपल्यासारखे बोलावे यात केवढा मान असतो, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

‘अंकुर’ची गोष्ट थोडक्यात सांगते. शहरात शिकून आलेला जमीनदाराचा मुलगा सूर्या गावची शेती पाहायला येतो. खालच्या मानलेल्या जातीच्या लक्ष्मीच्या हातचे तो खातो, जातपात मानत नाही म्हणतो. तिला दिवस जातात तेव्हा मात्र तो भितो आणि तिला दूर लोटतो. पुढे तिचा मुका नवरा परत येतो आणि कामासाठी सूर्याकडे येऊ लागतो, तेव्हा आपले पाप उघडे पडणार या भीतीनेच सूर्या त्या निरपराध माणसाला चाबकाने फोडून काढतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. आणि अगदी शेवटी एक लहान पोरगा सूर्याच्या घराच्या खिडकीवर दगड मारून पळतो. बस्स. एवढाच अंकुर. शबाना आझमींचा हा पहिलाच प्रदर्शित चित्रपट आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

आता ‘निशांत’बद्दल लिहायचे आहे, आणि येथे माझा हात अडखळतो. बेनेगल गेले त्याच महिन्यात, ९ डिसेंबर २०२४ रोजी, आमच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन निर्घृण खून झाला. त्या घटनेविषयी मी येथे काही म्हणणार नाही. ते काम न्यायालयाचे आहे. मला सांगायचे आहे ते आमच्या वर्गाविषयी. त्यानंतरच्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राचे कॅमेरे आमच्या तालुक्यात आले. टी. व्ही.वर केजचे नाव सतत येऊ लागले. आणि आम्ही, जे दीड वर्ष एका बाकावर बसलो होतो, एकमेकांच्या डब्यातले खाल्ले होते, ते एकमेकांची आडनावे मोजू लागलो. कोणी उघड बोलत नसे. पण बाक बदलले. मधल्या सुट्टीतले घोळके बदलले. वसतिगृहात आमच्या पाचजणींच्या खोलीतसुद्धा दोन रात्री कोणी कोणाशी धड बोलले नाही.

बेनेगल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्यांच्या आठवणीत म्हणून, आम्ही पाचजणींनी एका मोबाइलवर ‘निशांत’ पाहिला. निवड मुद्दाम केली नव्हती. तो आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. १९४५ सालची गोष्ट. गावच्या जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराच्या बायकोला घरातून उचलून नेतात. गाव पाहते आणि दारे लावून घेते. मास्तर पोलिसांकडे जातो, अधिकाऱ्याकडे जातो. कोणी काही करीत नाही. शेवटी देवळाचा पुजारी आणि मास्तर मिळून गावाला जागे करतात आणि गाव वाड्यावर चालून जाते. हा शेवट ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण चित्रपट तेथे थांबत नाही. पेटलेला जमाव दोषी आणि निर्दोष यांत फरक करीत नाही. जिच्यासाठी हे सारे झाले ती मास्तराची बायकोही त्याच जमावाच्या हातून मरते.

चित्रपट संपला. खोलीत दिवा कोणी लावला नाही. मग एका मैत्रिणीने हळूच विचारले, “दार लावून घेणारे आपण, की दगड घेणारे आपण?” त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. पण त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. मनात जे होते ते सारे बोललो. काही रडलो. अन्यायाविरुद्ध उभे राहणे निराळे आणि आडनावाविरुद्ध उभे राहणे निराळे, एवढे तरी आमच्या पाचजणींना त्या रात्री उमजले. सभेने ते झाले नसते. कोणा पाहुण्याच्या व्याख्यानानेही नाही. कारण व्याख्यानात आपल्याला कोणीतरी उपदेश करीत असतो. चित्रपटात आपण दुसऱ्याचे गाव पाहत असतो आणि पाहता पाहता ते आपले होते.

चाहते जमले म्हणजे प्रत्येकाचा बेनेगल निराळा निघतो, हेही मी या दिवसांत अनुभवले. खोलीतल्या एकीला ‘भूमिका’ प्रिय. १९७७ सालचा हा चित्रपट मराठी नटी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. घरदार, नवरा, यार आणि धंदा या सर्वांत स्वतःचे असे काही शोधणारी बाई स्मिता पाटील यांनी त्यात उभी केली आणि राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या या मुलीला बेनेगलांनी हेरले होते, हे ऐकून ती मैत्रीण रोज आरशासमोर बातम्या वाचते! इतिहास घेतलेल्या दुसरीला ‘भारत एक खोज’ प्रिय. पंडित नेहरूंच्या ग्रंथावरची १९८८ सालची ही त्रेपन्न भागांची दूरदर्शन मालिका. तीत नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले आहेत आणि सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले. ती म्हणते, गाइडपेक्षा हे बरे लक्षात राहते.

आणि माझ्या वडिलांचा आवडता चित्रपट निराळाच. तो म्हणजे ‘वेल डन अब्बा’. हैदराबादजवळच्या खेड्यातला एक ड्रायव्हर सरकारी योजनेतून विहीर मंजूर करून घेतो. साहेब, इंजिनिअर, ठेकेदार, प्रत्येकाचा वाटा जाता जाता विहीर कागदावरच खणून होते. मग बापलेक पोलिसांत तक्रार देतात की आमची विहीर चोरीला गेली! हे पाहताना माझे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, “ह्या मानसाला आपलं गाव कुनी सांगितलं?” दुष्काळी भागात पाण्यावरचा विनोद समजावून द्यावा लागत नाही.

आता काही आक्षेपांना उत्तर देते. पहिला आक्षेप असा की, हे चित्रपट संथ असतात, बुद्धिवंतांसाठी असतात, सामान्यांना मनोरंजन हवे असते. हा आक्षेप मी आमच्या महाविद्यालयातही ऐकला आहे. याला माझे उत्तर माझी आई आणि माझे वडील. ते दोघेही बुद्धिवंत म्हणून कोणाला ठाऊक नाहीत. आणि ट्रक भरभरून आलेले ते पाच लाख निर्मातेही नव्हते. सामान्य माणसाला हे चित्रपट नकोत असे म्हणणाऱ्यांनी ते सामान्य माणसाला कधी दाखवले होते, हे एकदा सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो माझ्याच मनातला आहे. बेनेगल खेड्यातले नव्हते. ते शिकलेले, शहरातले, जाहिरातीच्या व्यवसायात वर्षे काढलेले गृहस्थ. त्यांच्या चित्रपटांत गाव बहुधा बाहेरून आलेल्याच्या निमित्ताने उघडते : ‘अंकुर’मध्ये सूर्या, ‘मंथन’मध्ये डॉ. राव. उसाच्या फडावर त्यांनी कथापट काढला नाही. लक्ष्मीने स्वतः कॅमेरा धरला असता तर तिने काय दाखवले असते? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. चाहत्याने डोळे मिटून घेऊ नयेत.

पण याच आक्षेपाने मला एक धडा दिला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका वस्तीवर सर्वेक्षणाला गेलो होतो. माझ्या हातात छापील फॉर्म. मी एका बाईला विचारत होते : घरात शिकलेले किती, कर्ज किती, शौचालय आहे का. ती उन्हात उभी आणि मी सावलीत. शेवटी ती म्हणाली, “ताई, तुमी लिवा काय लिवायचं ते. समदे लिवूनच नेत्यात.” माझ्या आईनेही हेच उत्तर दिले असते. त्या क्षणी मला कळले, आता बाहेरून आलेली ती मी आहे. दोन वर्षांच्या कॉलेजने मला फॉर्मच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवले. आमच्या पिढीतून शिकलेला प्रत्येकजण या जागी येतो. पुढे सूर्या व्हायचे की डॉ. राव, एवढाच प्रश्न उरतो. आणि डॉ. रावही अखेर गाव सोडून जातो. सोसायटी मागे उरलेल्या भोलालाच चालवावी लागते. भोला गावचा आहे. म्हणून मला वाटते, आपण भोला व्हावे. पण कागद वाचता येणारा भोला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बेनेगलांना श्रद्धांजली कशी द्यावी? ते स्वतः हैदराबादला विद्यार्थी असताना त्यांनी तेथे ‘हैदराबाद फिल्म सोसायटी’ स्थापन केली. त्या वयात त्यांच्याजवळ काय होते? चित्रपट पाहण्याची आणि तो चारजणांना दाखवण्याची हौस. त्याआधी १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात अशीच सोसायटी काढली होती. मुंबईत १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळ’ हेच काम करीत आले. म्हणजे मोठे चित्रपट निघण्यापूर्वी ते पाहणारी लहान मंडळे निघावी लागतात. हे बी आधी पेरावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी. आमच्या महाविद्यालयात एक चित्रपट मंडळ निघावे. महिन्यातून एक चित्रपट, रीतसर परवानगी काढून, ग्रंथालयाच्या सभागृहात दाखवावा. प्रोजेक्टर आहे, भिंत आहे, खिडक्यांना लावायला सतरंज्या आहेत. चित्रपटानंतर तासभर चर्चा व्हावी आणि तीत प्राध्यापकांनी शेवटी बोलावे, आधी नव्हे! वर्गणी प्रत्येकी दोन रुपये असावी. दोन रुपयांत आज काही येत नाही हे मला माहीत आहे. पण ‘मंथन’च्या शेतकऱ्यांची आठवण म्हणून तोच आकडा ठेवावा, आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला आपण या मंडळाचे मालक आहोत असे वाटावे.

आणखी एक अट आहे. पहिला चित्रपट ‘मंथन’ असावा, आणि तो पाडव्यानंतर दाखवावा. तेव्हा कोयते गावी परतलेले असतात. त्या दिवशी आपण आपल्या आईवडिलांना महाविद्यालयात बोलावू. माझ्या माहितीत असे कितीतरी विद्यार्थी आहेत की ज्यांच्या आईवडिलांनी मुलांचे कॉलेज बाहेरून पाहिले आहे, आत पाऊल टाकलेले नाही. फाटकाशी थांबून ते आपल्याला फी देऊन जातात. त्यांना आपण सभागृहात पहिल्या रांगेत बसवू. आम्हां शिकणाऱ्या मुलांवर त्यांनी जे घातले ते दोन रुपयांहून पुष्कळ अधिक आहे. आमच्या शिक्षणाचे खरे निर्माते तेच. निर्मात्यांना निदान एक खेळ तरी दाखवावा.

बाक बदलून बसलेल्या मित्रमैत्रिणींनाही माझी विनंती आहे. अंधारात सगळे बाक सारखेच दिसतात. एकदा येऊन शेजारी बसा. दिवे लागल्यावर बोलू.

माझ्या आईला मी हा बेत फोनवर सांगितला. ती फडावर होती, वारा जोराचा होता, तिला नीट ऐकू येत नव्हते. तरी एवढे तिने विचारले : “तो अंगठ्याचाच सिनेमा ना? मग येते मी.”